मुलाला उपाशी ठेवू नका, ताटाचा हिशेब करा

दिवाळीची सुटी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. एक बाई आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलीला सातव्या वर्षापासून टाइप १ मधुमेह, म्हणजे ज्याला आपण बालमधुमेह म्हणतो तो. दिवसातून दोन वेळा इन्शुलिन चालू. बाईंनी पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टर, साखर अगदी कंट्रोलमध्ये आहे बघा. पण पोरगी वाळत चाललीय."

वहीतले आकडे पाहिले. सकाळी ११०, संध्याकाळी १२०, पुन्हा ११०, मग ११५. महिनाभर सगळे असेच. मुलीचे वजन मात्र वर्षभरात वाढण्याऐवजी दीड किलोने घटले होते. मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ही तपासणी करून घेतली. ती आली ११ टक्के. मग घरचे ग्लुकोमीटर मागवले. त्या यंत्रात जुन्या नोंदी राहतात. तिथे आकडे होते ३४०, ४१०, ६२, ३८०.

वही मुलगीच लिहीत असे. आईला थोडा वेळ बाहेर बसवून तिला विचारले, तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "जास्त लिहिलं की आई रडते. आणि मग रात्री भाकरी देत नाही."

आईला पुन्हा आत बोलावले. हळूहळू सगळे बाहेर आले. साखर वाढली की पुढचे जेवण अर्धे करायचे, हा घरचा नियम होता. भात बंद, बटाटा बंद, केळे बंद. दिवाळीत फराळाचे डबे माळ्यावर चढवून ठेवले होते. घरातली मोठी माणसे मुलगी शाळेत गेल्यावर फराळ करीत. एका रात्री आजीला जाग आली तर पोर स्टुलावर चढून अंधारात शंकरपाळी खात होती. त्या रात्री तिने मार खाल्ला.

ही आई दुष्ट नव्हती. तिला जे सांगितले गेले तेच ती जिवापाड पाळत होती. आणि सांगणाऱ्यांत मीही होतो. दोन वर्षांपूर्वी मुलगी शहरातल्या रुग्णालयातून घरी आली, तेव्हा भात, बटाटा, गोड बंद करा, हे पथ्य मीच सांगितले होते. पन्नाशीच्या, पोट सुटलेल्या मधुमेह्यांना रोज जे सांगतो तेच सवयीने सात वर्षांच्या पोरीलाही सांगितले. ही चूक माझी होती. आजचा लेख त्या चुकीतून शिकलेल्या गोष्टींवर आहे.

हा मधुमेह वेगळा

मोठ्या माणसांत नेहमी आढळणाऱ्या टाइप २ मधुमेहात शरीरात इन्शुलिन असते, पण ते पुरत नाही किंवा नीट लागू पडत नाही. तिथे वजन उतरवणे, खाणे आवरणे आणि गोळ्या यांचा उपयोग होतो. टाइप १ मध्ये शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. मुलाने गोड फार खाल्ले म्हणून हा आजार होत नाही. आईच्या लाडाने किंवा कुणाच्या नजरेनेही होत नाही. इन्शुलिन बाहेरून देणे हाच उपचार आहे, आणि तो कायमचा.

आपण खातो त्या अन्नाची रक्तात साखर होते. ती साखर पेशींमध्ये शिरून कामी यावी यासाठी इन्शुलिन लागते. ते नसेल तर साखर रक्तात साचते, लघवीवाटे वाहून जाते आणि शरीर भरल्या घरात उपाशी राहते. म्हणून अशी मुले वारंवार पाणी पितात, सारखी लघवीला जातात, अंथरूण ओले करू लागतात आणि खाऊनही वाळतात. ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्यावी.

आता विचार करा. इन्शुलिन कमी पडत असताना मुलाचे ताट अर्धे केले तर काय होईल? वाढत्या अंगाला लागणारे अन्नही मिळणार नाही आणि मूळ कमतरता तशीच राहील.

उपासाचा इलाज शंभर वर्षांपूर्वीचा

इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी खरोखरच उपास हा एकच इलाज होता. अमेरिकेतले डॉक्टर फ्रेडरिक अ‍ॅलन अशा रुग्णांना अगदी मोजके अन्न देत. मुले हाडांचे सापळे होत, पण थोडी जास्त जगत. पुढे कॅनडातील टोरांटो येथे १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत इन्शुलिन वेगळे काढले. कॉलिप यांनी ते शुद्ध केले. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला त्याचे इंजेक्शन मिळाले. मरणाच्या दारातला तो मुलगा पुढे आणखी १३ वर्षे जगला.

म्हणजे मुलाला उपाशी ठेवण्याची गरज १९२२ मध्येच संपली. तरीही आपल्याकडे कित्येक घरांत इन्शुलिनही चालू असते आणि उपासही चालू असतो.

स्वादुपिंडाचे काम आता आईवडिलांकडे

निरोगी माणसाचे स्वादुपिंड दोन तऱ्हांनी इन्शुलिन सोडते. थोडे थोडे दिवसरात्र, आणि जेवताना ताटाच्या मानाने जास्त. एक पोळी खाल्ली तर थोडे, लग्नाची पंगत झाली तर पुष्कळ. बालमधुमेहात हा हिशेब करणारा कारकूनच उरलेला नसतो. ते काम आईवडिलांना करावे लागते, आणि मूल मोठे झाले की त्याला स्वतःला.

म्हणून आजकाल बहुतेक मुलांना एक लांब पल्ल्याचे इन्शुलिन दिवसातून एकदा आणि प्रत्येक मुख्य जेवणापूर्वी लवकर काम करणारे इन्शुलिन अशी पद्धत देतात. जेवणापूर्वीचा डोस ताटात काय आहे त्यावर ठरतो. त्यासाठी ताटातली कर्बोदके मोजावी लागतात.

कर्बोदके म्हणजे पिठूळ आणि गोड पदार्थांतला तो भाग, ज्याची रक्तात साखर होते. धान्ये, डाळी, कडधान्ये, साबुदाणा, बटाटा, रताळे, फळे, दूध, गूळ, साखर या सगळ्यांत ती असतात. अंडी, मासे, चिकन, तेल, तूप यांत जवळजवळ नसतात. मेथी, पालक, काकडी, वांगी, भेंडी यांत इतकी थोडी की घरगुती मापात बहुधा धरत नाहीत.

"भाकरीत कुठे साखर असते?" हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारते. भाकरी गोड लागत नाही, पण पोटात गेल्यावर तिच्या पिठाची साखरच होते. तसेच साखरेऐवजी गूळ किंवा मध दिला म्हणून हिशेब चुकत नाही. 'शुगर फ्री' लिहिलेले बिस्किटही मैद्याचेच असते.

पीठ तोला, पोळ्या मोजा

हा हिशेब शिकायला भारी पुस्तक लागत नाही. स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा, एक ठरलेली वाटी आणि पंधरा दिवस चिकाटी पुरे. अर्धा किलो कणीक तोलून घ्या आणि तिच्या किती पोळ्या होतात ते मोजा. २० झाल्या तर एका पोळीला २५ ग्रॅम कणीक लागली. १०० ग्रॅम कणकेत साधारण ६५ ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे एका पोळीत झाली सुमारे १६ ग्रॅम. शेजारणीच्या पोळीचा आकडा तुमच्या कामाचा नाही, कारण तिचा हात वेगळा आणि तवा वेगळा.

घरगुती अंदाजासाठी काही आकडे देतो. ७० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या मोठ्या भाकरीत सुमारे ४५ ते ५० ग्रॅम कर्बोदके असतात. मध्यम वाटीभर शिजलेल्या भातात ३०. ४० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ३०. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ४४, म्हणजे जवळजवळ तीन पोळ्यांइतकी. वाटीभर घट्ट वरणात १२ ते १५. पेलाभर, म्हणजे २०० मिलि, दुधात सुमारे १०. मध्यम केळ्यात २० ते २५. चहाच्या चमचाभर साखरेत ५. याहून तपशील हवा असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत बहुतेक सर्व जिन्नस सापडतात. आहारतज्ज्ञ ते समजावून देतील.

हिशेब कसा करायचा

तुमच्या मुलाला एक युनिट इन्शुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, हे प्रमाण तज्ज्ञ डॉक्टर ठरवून देतात. ते प्रत्येक मुलाचे वेगळे असते. त्याच मुलाचे सकाळचे आणि रात्रीचेही वेगळे असू शकते आणि वयाबरोबर बदलते. आमच्या या मुलीचे प्रमाण ठरले २० ग्रॅमला एक युनिट. दुपारच्या ताटात दोन पोळ्या ३२, अर्धी वाटी भात १५, वाटीभर वरण १३, आणि मेथीची भाजी. बेरीज ६०. भागिले २०, म्हणजे तीन युनिट. जेवणापूर्वी साखर वाढलेली असली तर त्यासाठी किती भर घालायची, तेही डॉक्टर लिहून देतात. हे आकडे केवळ उदाहरण आहेत, कृपया कुणीही आपल्या मुलाला लावू नयेत.

वेळही महत्त्वाची. साधे रेग्युलर इन्शुलिन जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास आधी घ्यावे लागते, तर नवी शीघ्र इन्शुलिने १० ते १५ मिनिटे आधी. अगदी लहान मूल इंजेक्शन घेऊन मग जेवायलाच नकार देते, अशी तक्रार असते. त्याच्या मागे घास घेऊन धावण्यापेक्षा शीघ्र इन्शुलिन जेवण झाल्याबरोबर देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

हिशेब बरोबर होता की नाही, हे जेवणानंतर दोन तासांनी साखर पाहून कळते. एका चुकलेल्या बेरजेने काही बिघडत नाही. चार-पाच दिवस तीच चूक दिसली तर प्रमाण बदलायला हवे, असा त्याचा अर्थ.

दिवसातून दोनच इंजेक्शने असतील तर

आपल्या जिल्ह्यात अनेक मुले अजून सकाळ-संध्याकाळ मिश्र इन्शुलिनवर आहेत. त्यांचा डोस आधीच ठरलेला असतो, म्हणून ताटही ठरावीक वेळी आणि ठरावीक मापाचे ठेवावे लागते. पण त्यातही पदार्थ बदलता येतात. एक पोळी, अर्धी वाटी भात, मोठ्या भाकरीचा तिसरा हिस्सा किंवा दीड पेला दूध, या सर्वांत कर्बोदके साधारण सारखीच, सुमारे १५ ग्रॅम. मुलाला भात खावासा वाटला तर एक पोळी कमी करून अर्धी वाटी भात द्या. अशा मुलांनी जेवण चुकवणे किंवा एकादशीचा उपास करणे धोक्याचे आहे. आणि जादा पोळी खाल्ली म्हणून मिश्र इन्शुलिन मनाने वाढवू नये.

सिरिंजबद्दल एक गोष्ट. आपल्याकडे इन्शुलिनच्या बाटल्या प्रामुख्याने ४० युनिटच्या मिळतात. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधले इन्शुलिन आणि काही बाटल्या १०० युनिटच्या असतात, त्यांची सिरिंज नारिंगी टोपणाची. ही अदलाबदल झाली तर डोस अडीच पट चुकतो. बाटली आणि सिरिंज या दोन्हींवरचा आकडा दर वेळी दुकानातच वाचून घ्या.

साखर एकदम उतरली तर

इन्शुलिन दिले आणि खाणे कमी झाले, किंवा मूल खूप खेळले, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. हात कापतात, घाम सुटतो, भूक लागते, मूल चिडचिड करते किंवा गप्प होते. अशा वेळी लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा चहाचे तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पाच वर्षांखालच्या मुलाला त्याच्या निम्मे. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर पुन्हा तेवढेच द्या. पेढा किंवा चॉकलेट देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर चढायला उशीर होतो. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा. घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असेल तर ते द्या, आणि तडक रुग्णालय गाठा.

याच्या उलट प्रसंगही लक्षात ठेवा. मुलाला ताप आला, उलट्या झाल्या, त्याने जेवण सोडले, तरी इन्शुलिन पूर्ण बंद करायचे नाही. डोस किती द्यायचा ते डॉक्टरांना विचारा, साखर वरचेवर तपासा, लघवीतले कीटोन पाहा. पोटदुखी, उलट्या आणि जोरजोरात खोल श्वास ही कीटोअ‍ॅसिडोसिसची लक्षणे आहेत. तिथे एक तासही घालवू नये. कुणाच्या काढ्याच्या भरवशावर इन्शुलिन सोडलेली मुले मी पाहिली आहेत. त्यातली सगळी परत आली नाहीत.

रागावलात तर वही खोटी होईल

मला या मुलीने शिकवलेली सर्वांत मोठी गोष्ट ही. साखर वाढली की आपण विचारतो, "काय खाल्लंस?" त्या विचारण्यातच आरोप असतो. मूल मग दोनच गोष्टी शिकते, लपून खाणे आणि खोटे लिहिणे. खोट्या वहीवर आम्ही डॉक्टर डोस ठरवणार आणि तो डोस मुलाच्या जिवावर बेतणार. त्यापेक्षा, "३०० आलीय ना, बरं झालं तपासलीस. आता काय करायचं बघू," असे म्हणा. 'पथ्य मोडलं' हा शब्दच घरातून काढून टाका. आणि घरात एकाने खायचे, दुसऱ्याने लपवायचे, असे करू नका. फराळ सर्वांनी एकत्र, मोजून आणि जेवणाबरोबर खावा.

आणखी एक गोष्ट या घरात घडत होती. शाळेत कुणालाच सांगितले नव्हते. "मुलीची जात, उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको," असे आजीचे म्हणणे. मी त्यांना म्हटले, "आजी, वर्गात साखर उतरून ती पडली, तर बाईंना काय करायचं ते कळायला नको का?" आजी गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत गेले. वर्गशिक्षिकेकडे आता ग्लुकोजचा डबा आहे आणि मधल्या सुटीत मुलगी शिक्षकांच्या खोलीत इंजेक्शन घेते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली आपल्या परीक्षांना बसणाऱ्या मधुमेही मुलांना साखरेच्या गोळ्या आणि खाऊ सोबत ठेवण्याची मुभा दिली. मंडळ कोणतेही असो, मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र देऊन ही व्यवस्था वर्षाच्या सुरुवातीलाच करून घ्यावी.

कष्ट कशासाठी

एवढी आकडेमोड कशाला, असे काही पालक विचारतात. अमेरिका आणि कॅनडातल्या टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवरील अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्यात साखर सामान्याच्या जवळ राखणाऱ्यांमध्ये डोळे, मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांचे विकार स्पष्टपणे कमी आढळले. नऊ वर्षांच्या मुलीपुढे अजून साठ-सत्तर वर्षे आहेत. ती डोळसपणे जावीत, यासाठी हे कष्ट.

मुलीला शहरातल्या बालमधुमेह तज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी दोन इंजेक्शनांची चार केली. आईला वाटले, पोरीला जास्त टोचणार. मुलीनेच विचारले, "मग भात मिळेल?" मिळेल म्हटल्यावर तिने चार इंजेक्शनांना एका दमात होकार दिला.

होळीनंतर ती पुन्हा आली. वजन दोन किलोने वाढले होते, एचबीए१सी ११ वरून ८.४ वर. अजून उतरायला हवे, पण वाट धरली आहे. तिने नवी वही उघडून दाखवली. होळीच्या पानावर हिशेब होता. पुरणपोळी एक. कणीक २५ ग्रॅमची १६, हरभरा डाळ २५ ग्रॅमची १३, गूळ २५ ग्रॅमचा २१, एकूण ५०. अर्धी वाटी भात १५, बटाट्याची भाजी १०, कटाची आमटी ५. सर्व मिळून ८०. इन्शुलिन चार युनिट. दोन तासांनी साखर १६८. तूप होते म्हणून झोपताना पुन्हा तपासली, १५२.

खाली दोन दिवसांनी एक आकडा होता २९०, त्याच्यासमोर तिने लिहिले होते, "मैत्रिणीकडे चिवडा खाल्ला. मोजला नाही."

मी आईकडे पाहिले. आई म्हणाली, "मी रागावले नाही, डॉक्टर. पुढच्या वेळी वाटी घेऊन जा म्हटलं."

ज्या घरांत असे मूल आहे, त्यांनी आज एवढेच करावे. पीठ तोलावे, वाटी ठरवावी आणि मुलाला सर्वांच्या पंगतीत बसवून पोटभर जेवू घालावे. डोस किती हा प्रश्न डॉक्टरांना विचारावा, आणि वहीत आकडा कितीही येवो, तो खरा लिहिल्याबद्दल मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा.